उस्तादांची उष्टी रोटी

होतं की नव्हतं, समरकंदात एक घर होतं. घरात दृष्टी गेलेली हुमोरा, तिची लेक ओयदिन आणि घरधनी तुरसून उस्ताद. उस्ताद लेझरच्या प्रयोगशाळेत शिकवायचे. तिथूनच ते ऑपरेशनसाठी ताश्कंदला निघाले. निघताना रोटीचा एक घास दातांनी तोडला आणि उरलेली प्रयोगशाळेच्याच दारामागे खिळ्याला टांगली. गेलेला माणूस परतून ती संपवतो, अशी तिथली रीत. उस्ताद परतले नाहीत. रोटी वाळून दगड झाली, पण ती उतरवायला कुणाचा हात धजेना.

पुढे ओयदिन त्याच प्रयोगशाळेत काम करू लागली. रोज निघताना आई म्हणायची, "पोरी, तो किरण अडवणारा चष्मा काढू नकोस हं. या घरात डोळे उरलेत ते तुझेच."

बाहेर लख्ख दुपार, आत काळ्या पडद्यांची अमावस्या. पंपाची घरघर. काम असं, की प्रकाशाचा एक फटका स्फटिकाला मारायचा आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी दुसरा किरण पाठवून बघायचं, आतले इलेक्ट्रॉन कसे दचकले ते. फटक्याआधी संगणकावरची रेघ निपचित पडलेली असायची.

त्या दिवशी रेघ फटक्याआधीच उठली.

"दगड मारायच्या आधीच कुत्रं केकाटतंय!" जोडीदार बोतिर हसला. "आपा, आरसा हललाय तुमचा."

दुसरा किरण इतका अंधुक, की चष्म्यातून त्याचा ठिपका दिसेना. "एवढंच बघते," म्हणत ओयदिननं चष्मा कपाळावर चढवला आणि आरशाशी वाकली.

रेघ पुन्हा उठली. एकदा… थांबून एकदा… मग लागोपाठ दोनदा.

बोतिरचं हसू विरलं. "आपा… हे तर उस्तादांचं…"

आत कुणाचे डोळे किरणासमोर असतील, म्हणून उस्ताद शिरण्याआधी दार असंच वाजवायचे.

"बाबा…?" ओयदिन ताठ उभी राहिली. तेवढ्यात आरशाची पकड सुटली. तिचा चेहरा होता तिथूनच फटक्याचा जबर किरण सपकन गेला, पडद्याला भोक पडलं. जळक्या कापडाचा वास आला, आणि मागोमाग ताज्या रोटीचा.

दारामागे रोटी हलत होती.

ओयदिननं ती घरी आणली. हुमोरानं चाचपली.

"दोन घास तोडलेत गं."

"एकच होता, आई."

"दोन्हींवर तुझ्या बाबाच्या तुटक्या दाताची खूण आहे. आणि हा दुसरा… मऊ आहे अजून." म्हातारी हसली. "भुकेला होता बिचारा. टांग परत तिथंच."

पुढे ओयदिनचं लग्न झालं, नातवंडं आली, सगळ्यांचे डोळे झऱ्याच्या पाण्यासारखे निर्मळ राहिले. घराचं भलं झालं. रोटी मात्र घासाघासानं सरत… आता थोडीच उरली आहे.