शांतीची चमकी

"बाबा, तुम्ही जरा ओटीवर बसा. आई करतायत ना," असं दिशा म्हणाली आणि गोविंदा मुकाट्याने उठला. पण ओटीवर तो गेलाच नाही. चौकटीला टेकून दारातच उभा राहिला.

आई... हा शब्द त्याला आताशा सहन होत नसे. खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची लेक मान मागे टाकून बसली होती आणि तिची सासू गिरजाबाई तिच्या नाकातली चमकी काढायचा प्रयत्न करत होती. चमकी शांतीची होती. शांती म्हणजे दिशाची खरी आई, गोविंदाची बायको. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि सव्वा वर्षात दिशाच्या तोंडातला तिचा शब्द या रोह्याच्या बाईने घेतला होता, असं गोविंदाचं मन दिवसातून दहा वेळा म्हणत असे.

दिशाच्या पित्ताशयात खडे झाले होते. दिवाळीनंतर तीन वेळा तिच्या पोटात अशी कळ आली होती की ती जमिनीवर गडाबडा लोळली. उद्या सकाळी नऊला रोह्यातच दुर्बिणीने ऑपरेशन ठरलं होतं. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की अंगावर एकही दागिना नको. बांगड्या, मंगळसूत्र, कुड्या सगळं सकाळीच निघालं. राहिली ती चमकी. उद्यापर्यंत नाही निघाली तर कापून काढू, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलू, असं तिथल्या सिस्टरने सांगितलं होतं. नितेश, म्हणजे गोविंदाचा जावई, धाटावच्या कंपनीत शिफ्टला गेला होता, म्हणून दुपारच्या गाडीने पेणहून गोविंदा आला होता.

सोबतीला आलो, असं तो म्हणाला होता. खरं म्हणजे शांतीची वस्तू दुसरी कोणी कशी काढते ते त्याला बघायचं होतं.

गिरजाबाईने बावीस वर्षं एका हॉस्पिटलात आया म्हणून काम केलेलं. ऑपरेशनला जाणाऱ्या बायकांचे दागिने उतरवून घ्यायचं काम तिचंच असायचं, त्यामुळे तिला या गोष्टीची सवय होती. आधी तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले. पाणी उकळून त्यात मीठ घातलं, कोमट होऊ दिलं, स्वच्छ फडक्याची घडी त्यात बुडवून नाकपुडीवर धरली. मांडीवर पांढरा टॉवेल पसरला, म्हणजे चमकी पडली तर दिसावी. मग रबरी हातमोजा घालून आतली फिरकी धरली, कारण ओल्या बोटांतून ती सटकते. पू असता तर हात लावला नसता, असंही तिने दिशाला सांगितलं... दागिना निघतो, वरचं भोक मिटतं आणि घाण आतच राहते, मग डॉक्टरलाच चिरा द्यावा लागतो. तिचं सगळं बोलणं असंच असे, जाणत्या माणसाचं. गोविंदाला ते टोचत होतं. एवढं सगळं यायला हवंच का एका बाईला?

"दुखतंय गो?"

"थोडं. करा तुम्ही."

तिने फिरकी डावीकडे फिरवून पाहिली. फिरकी हलली नाही, सगळी चमकीच गोल फिरली आणि दिशाने खुर्चीचे दांडे घट्ट धरले.

गोविंदाने मान वळवली. फिरकी का हलत नाही, ते त्या घरात त्याला एकट्यालाच माहीत होतं.

शांती गेली त्या दिवशी बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, आणि मग कोणीतरी म्हणालं की सोनं काढून घ्या. गोविंदाने कोणाला हात लावू दिला नाही. त्याने स्वतः ती फिरकी फिरवली. दोन फेऱ्यांत निघाली... शांती दर आठवड्याला खोबरेल लावायची तिला. नाक अजून मऊ होतं. आता दुखेल का हिला, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि ते आठवलं की आजही त्याला घास उतरत नसे. बाराव्यानंतर त्याने ती चमकी दिशाच्या नाकात घातली. लेक समोर आली की चमकी आधी दिसायची, मग लेक. तेवढाच त्याला आधार होता.

पण चमकी जुनी, आटे झिजलेले. दिवाळीला दिशा माहेरी आली तेव्हा म्हणाली की फिरकी सैल झालीय, दोनदा मोरीत पडली होती. आणि सहज बोलून गेली, "आईंनी मोत्याची नवीन आणलीय माझ्यासाठी. म्हणाल्या, ही हरवण्याआधी उतरव."

गोविंदाच्या मनात आलं, म्हणजे शब्द घेतलाच, आता नाकही घेणार... गोविंदा पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. मूर्तीचे डोळे काढायचे, आणि सिझनला मुकुटावर खडे लावायचे. खडे लावायचा पातळ गोंद त्याच्या खिशातच होता. नीट करून देतो म्हणून त्याने चमकी घेतली, आट्यांवर गोंदाचा थेंब सोडला, आणि स्वतःच्या हाताने लेकीच्या नाकात घालून फिरकी दाबून धरली. आवळली, आता नाय पडायची, एवढंच सांगितलं. त्या दिवशी रोह्याची गाडी सुटल्यावर तो फलाटावर उभा राहून हसला होता. तीस वर्षं देवाचे डोळे काढणाऱ्या माणसाने असं करावं!

"तीनदा बघायचं, नाय निघाली तर हात काढायचा, असा माझा नेम हाय," गिरजाबाई म्हणाली. "दोनदा झालं, आता हे शेवटचं. मग चल, जाऊ दवाखान्यात, कापतील."

तिने पुन्हा शेक दिला, कोरडं केलं, फिरकी धरली, आणि या वेळी थोडा जोर लावला. दिशा ओरडली नाही. तिच्या घशातून बारीकसा आवाज आला, तान्ह्या मुलासारखा, आणि टॉवेलवर रक्ताचा एक थेंब पडला. पांढऱ्या कापडावर तो लगेच पसरला.

"सोडा," गोविंदा म्हणाला. "ती नाय निघायची. मी चिकटवलीय."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. गिरजाबाईचा हात तसाच हवेत राहिला.

"काय केलंय?"

"खड्यांचा गोंद घातलाय आत. दिवाळीला."

दिशा खुर्चीत सरळ बसली. मग दिशाने विचारलं, अगदी हळू, "का बाबा?"

त्याने सांगितलं. त्याला शब्द जुळवता येत नव्हते, म्हणून जसं होतं तसंच सांगितलं. मोत्याच्या चमकीचं सांगितलं, तुझ्या सासूची चमकी तुझ्या नाकात बघवली नसती म्हणाला, आणि बोलता बोलता जे कधीच बोलायचं नव्हतं तेही बोलून गेला. "तू हिला आई म्हणतेस ना, तेव्हा मला वाटतं तुझी आई परत एकदा मेली."

गिरजाबाईने हातमोजा काढला. तिचा चेहरा उतरला होता, पण ती दिशाकडे बघत होती, गोविंदाकडे नाही.

दिशाने नाकाला फडकं धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते दुखण्याचं की कशाचं ते कळत नव्हतं. "मी ती मोत्याची घातलीच नाही बाबा. आईंना म्हटलं, मला हीच ठेवायचीय. त्यांनी कपाटात ठेवून दिली, परत एकदा नाव काढलं नाही." ती थांबली. "आणि मला रोज तोंडात तो शब्द यायचा. सकाळी उठल्यावर, चहा ठेवताना, काही सापडेना झालं की. आई, आई... आणि समोर कोणी नसायचं. एकदा ह्या आईंनी ओ दिली. एवढंच झालं. कोणीतरी ओ दिली बाबा."

गोविंदा खाली बसला, जमिनीवरच. सव्वा वर्ष तो एकटाच रडतो आहे असं त्याला वाटत होतं. पोरीलाही हाक मारायला कोणी उरलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"रडायचं मागून," गिरजाबाई म्हणाली. आवाज कोरडा होता, पण तिने पदर डोळ्यांवरून फिरवला होता. "व्याही, तो गोंद सुटतो कशाने? तुमच्या हाताला लागत आसल ना."

कारखान्यात बोटं चिकटली की साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवतो, मग तेल चोळतो, दहा-वीस मिनिटांत कडेने सुटायला लागतो, असं गोविंदाने सांगितलं. कोणी कोणी नेलपॉलिश काढायचं औषध लावतात.

"ते नाकात नाय घालायचं. आतली कातडी जळंल." तिने थोडा विचार केला. "साबणाचं पाणी चालंल, तेल चालंल. तुमीच करा मग. गोंद तुमचा, बारीक कामाचा हात बी तुमचाच. मी पुढून खडा धरते. पण आधी हात धुवा, नखं कापा, रंग हाय त्यात."

त्याने नखं कापली, कोपरापर्यंत हात धुतले. ती उभी राहून बघत होती, आणि तिने पुन्हा धुवा म्हटल्यावर त्याने पुन्हा धुतले. साबणाच्या कोमट पाण्यात कापूस भिजवून दिशाने नाकाला आतून-बाहेरून धरला. दहा मिनिटं झाली, पाणी बदललं, परत दहा. मधे कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलली ती गिरजाबाईच.

"रविवारी तुमचा फोन आला की ही अंगणात जाते. अर्धा अर्धा तास हसते. माझ्यासंगती कदी तशी हसली नाय." ती भिजलेला कापूस पिळत होती. "मी भांडी घासता घासता ऐकते. जळतं माझं बी."

दिशा कापसाआडून म्हणाली, "मग तुम्ही दोघंच बोला ना एकमेकांशी रविवारी. मी भांडी घासते."

गिरजाबाईला हसू फुटलं. गोविंदाला फुटलं नाही, पण छातीवरचं ओझं थोडं हललं.

मग तेलाचं बोट. मग हातमोजा. गिरजाबाईने चमकीचा खडा दोन बोटांत पक्का धरला, दुसऱ्या हाताने दिशाची हनुवटी वर केली. दिशाने मोबाईलची बॅटरी धरली. गोविंदाने फिरकीला बोट लावलं, ओढलं नाही, दाबलं नाही, फक्त पाव फेरा डावीकडे, थांबला, पाव फेरा उजवीकडे, पुन्हा थांबला. मूर्तीच्या बुबुळाला शेवटची काळी रेघ देताना धरतो तसा त्याने श्वास धरला होता. चौथ्या खेपेला काहीतरी बारीक तुटल्यासारखं बोटाला जाणवलं. फिरकी फिरली. पिवळट गोंदाचा तुकडा तिच्याबरोबर बाहेर आला, आणि गिरजाबाईने पुढून चमकी सरळ रेषेत अलगद काढून घेतली.

"झालं गो. झालं पोरी."

दिशाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गिरजाबाईने मिठाच्या पाण्याने ते भोक पुसलं, रक्त थांबेपर्यंत फडकं धरलं, आणि बजावलं की सूज आहे तोवर यात काहीही घालायचं नाही, काडी नाही, दोरा नाही. उद्या डॉक्टरला पण दाखवायचं.

"मिटेल का भोक?" दिशाने विचारलं. ती बापाकडे बघत होती.

जुनं भोक हाय, एका दिवसात नाय मिटत, पण दुखावलंय, महिनाभर रिकामं ठेवावं लागलं तर काय सांगता येत नाय, असं गिरजाबाई म्हणाली. चमकी तिने एका वाटीत टाकली होती, आटे पार गेलेले. गोविंदाने ती उचलली नाही. त्याला वाटलं होतं की हा क्षण आला तर जीवच जाईल. जीव गेला नाही. समोर लेक होती, नाक लाल, डोळे सुजलेले, चमकी नसलेली... आणि तिच्या कपाळावरची आठी शांतीचीच होती, ती त्याने इतक्या दिवसांत पाहिलीच नव्हती.

"मिटलं तर मिटू दे," तो म्हणाला. "तू बरी हो."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. नितेश औषधं आणायला खाली गेला होता, आणि गोविंदा नि गिरजाबाई दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, तेव्हा सिस्टर बाहेर आली. पेशंट शुद्धीवर येतेय म्हणाली, पण आत एकालाच सोडणार.

"सगळ्यात जवळचं कोण?"

गिरजाबाई लगेच बाजूला सरकली. "जा व्याही. तुमी बाप."

गोविंदा उठला. पहाटेपासून तो याच घटकेची वाट बघत होता, लेकीने डोळे उघडले की आपण समोर हवं, दुसरं कोणी नको. दोन पावलं तो गेलाही. आतून दिशाचा जड, अर्धवट झोपेतला आवाज आला, आणि तिने जी हाक मारली ती त्याच्यासाठी नव्हती. शांतीला होती की या बाईला, ते पोरीलाही ठाऊक नसेल. पण ओ द्यायला एक जण इथं होतं.

"यांना सोडा," तो सिस्टरला म्हणाला. "ही तिची आई हाय."

गिरजाबाई त्याच्याकडे बघत राहिली. हातातली पिशवी तिने त्याच्याकडे दिली, चपला काढल्या आणि आत गेली.

दार लागलं. गोविंदा पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसला. आत काय बोलणं चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं, आणि कान लावून ऐकावं असंही सव्वा वर्षात पहिल्यांदाच त्याला वाटलं नाही.