पाचवा एक्का

शनीच्या चंद्रावरून ऐंशी मिनिटांचा प्रवास करून हेमांगीच्या पडद्यावर दोन शब्द उमटले: पान हवं.

तिच्या भावाच्या, श्रीरंगच्या हातात राजा आणि दश्शी होती. म्हणजे वीस.

"वीसवर पान?" संदेशकेंद्राचे मनोवैद्य डॉ. निरगुडे चमकले. "डोकं फिरलं की काय यांचं?"

श्रीरंग तिथल्या निरीक्षणतळावर एकटाच होता, आणि त्याला आणायला यान जायला अजून दोन वर्षं होती. आठ महिन्यांपूर्वी मोठी ध्वनिवाहिनी बंद पडली. उरली ती क्षीणवाहिनी. तिच्यातून इकडून फक्त पानाचं नाव जाई आणि तिकडून येई 'हवं' किंवा 'बास'. एवढ्यात काय मावेल, तर ब्लॅकजॅक. चित्राचं पान दहाचं, एक्का एकचा किंवा अकराचा. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडली की हरलात. हेमांगी केंद्रात रोज पत्त्यांचा कॅट घेऊन बसे. एक कॅट संपायला आठवडा लागे.

"मॅडम, किती दिवस जिवाचे हाल करणार?" निरगुडे म्हणाले. "वाटपयंत्र बसवू. ब्लॅकजॅकमध्ये निवड खेळणाऱ्याला असते, वाटणाऱ्याला नसतेच. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच. वाटणारं माणूस आहे की यंत्र, त्यांना कळणारसुद्धा नाही."

हेमांगीने कॅटवरचं पान सुलटं केलं आणि ती तशीच थांबली. कळणारच नाही! तिला तो रोज भेटत होता. बारावर घाबरून 'बास' म्हणणारा भित्रा दुसरा कोण असणार? पण त्याला? त्याला आठ महिने एक नियम भेटत होता. आपण इतके दिवस त्याला सोबत करतोय समजत होतो, आणि तो बिचारा तिथे एकटाच बसला होता. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"डोकं नाही फिरलं त्याचं," ती म्हणाली. "ताई आहे का, विचारतोय."

"मग द्या पान. वरती छक्की आहे."

"छक्की यंत्रही देईल हो."

या कॅटमधले चारही एक्के मंगळवारीच उतरले होते, आणि गेलेली पानं श्रीरंगला तोंडपाठ असत. लहानपणी तिने पान लपवलं की तो घर डोक्यावर घ्यायचा, "रडीचा डाव खेळते ताई!"

तिने टंकलं: एक्का.

"अहो, हा पाचवा झाला!"

"तुमच्या यंत्राला जमेल?"

थोड्या वेळाने निरगुडे जेवायला गेले. हेमांगीने डबा उघडून तसाच बंद केला. जायला ऐंशी मिनिटं, यायला ऐंशी. त्याने मोजलंच नसेल तर? नशिबाने आलं असं समजून 'बास' म्हणून मोकळा झाला तर? खिडकीबाहेर उन्हात माळ नुसता पडला होता.

पडदा उजळला. एकवीस पुरे झालेला माणूस मागत होता: पान हवं.

ती हसली, आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं. डोळे पुसून तिने सहावा एक्का पाठवला.

"बावीस," ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "हरलास रे, शिऱ्या."