मरळीचा फोटो

मरळीची शपथ, ही गोष्ट खरी आहे. मासळीच्या शपथेला किती किंमत, ते नदीवाल्यांना विचारा.

पंडरी बाजारात ऋताच्या बाबांचं जरी-गोटा-किनारीचं दुकान. बाबा जेवायला गेलेले, गल्ल्यावर ऋता एकटी. एक उंच पोट्टा आला, रुपेरी तार बोटाला गुंडाळून पाहत म्हणाला, "ही हातभर द्या."

"हातभर?" ऋताला हसू आवरेना. "हातभरात काय होते भैया? बाहुलीची साडी?"

"मासळीची. आणि भैया नका म्हणू... बाकी काहीही चालेल."

त्यानं खिशातून डबी काढली. आत गळाला कोंबड्याची पिसं बांधून केलेली बोटभर खोटी मासोळी. फ्लाय म्हणतात तिला. हा शिशिर सुट्टी मिळाली की गरियाबंदच्या पुढं जंगलात जायचा, गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि दोरी चाबकासारखी हवेत फिरवून ही मासोळी अलगद डोहावर टेकवायचा. मरळ शिकारी जात, चमकलं की झेपावते. ती पकडायची, डोळे भरून पाहायची अन् सोडून द्यायची.

"सोडूनच द्यायची तर पकडता काहून?"

"दिसावी म्हणून," तो म्हणाला. तिच्याकडेच पाहत.

ऋता लाजली. का लाजली, ते तिचं तिलाही... जाऊ द्या.

पुढं फ्लाय तीच बांधून देऊ लागली. अशी हुबेहूब, की बूढा तालाबावरचा एक बगळा पंडरीत येऊन दुकानासमोर दोन दिवस एका पायावर उभा होता. गिऱ्हाइकांना वाट देईना.

पहिल्यांदा नदीवर नेलं तेव्हा शिशिरनं मागून तिचं मनगट धरलं. "हळू... दोरी मागं पूर्ण जाऊ दे, मग सोड."

"आणि मरळीऐवजी तूच अडकला तर?"

"तर मले सोडू नको, बस."

झालं! एवढ्या एका वाक्यावर पोट्टीनं अख्खा हिवाळा काढला.

मग अमरावतीचं स्थळ आलं. बाबा भला माणूस. म्हणाले, "उद्या पाहुणे येऊन राहिले. मनात कोणी असेल तर त्याआधी सांग बेटा, मी त्यांना नाही म्हणतो." ऋताकडे नाव होतं. त्या नावाचा होकार नव्हता.

ती नदीवर गेली. ऊन कललेलं. शिशिर डोहाच्या तोंडाशी उभा, दोरीला तिनंच बांधलेली रुपेरी मासोळी.

"शिशिर... उद्या मले पाहायला येऊन राहिले. बाबांनी विचारलं, मनात कोणी आहे काय. काय सांगू?"

तो वळला. ओठ उघडले... आणि डोह फुटला.

"थांब, थांब! एक मिनिट, ऋता!"

मरळ एवढी, की ओढाताणीत नदी थोडा वेळ उलटी वाहिली. कमीच सांगून राहिलो. अखेर त्यानं ती दोन्ही हातांवर उचलली. "फोटो काढ! जल्दी!"

तिनं काढला.

मग तो वाकला. गळ इतका हळुवार सोडवला, की मरळीला कळलंही नसेल. थकलेल्या मरळीला पाण्यातच तळव्यांवर धरून ठेवलं, तिला दम येईपर्यंत. "घाई नाही राणी," तो तिला म्हणत होता, "पाहिजे तेवढा वेळ घे."

ऋता काठावरून पाहत होती. शेपटी हलली, मरळ गेली.

"हां," शिशिर हात पुसत हसला, "तू काय म्हणून राहिली होती?"

"काही नाही. फोटो पाठवते."

ऋता आता अमरावतीला असते. शिशिर तात्यापाऱ्यातल्या चहाच्या टपरीवर मरळ सांगतो, आणि मरळ दरवर्षी वीतभर वाढते. थापा मारण्यात मी त्याचा आजा शोभेन, म्हणून मी कधी टोकलं नाही. परवा मात्र त्यानं फोनवर फोटो दाखवला. सगळे मरळ पाहून राहिले. मला खाली पाण्यावर एक सावली दिसली, लांब, त्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचलेली. ओढणी वाऱ्यावर.

"शिशिर, हा फोटो काढला कोणी रे?"

त्यानं फोटो पाहिला. मरळीच्या खाली बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. दोन बोटांनी सावली मोठी केली.

"होतं... कोणीतरी सोबत."

त्या दिवसापासून मरळ बोटभरही वाढलेली नाही.