वाढत्या अंगाचं छप्पर

सुताराचा टेप भर दुपारी तुटला, आणि नेमकी तेव्हाच ती गळ्यात टेप अडकवून रस्त्याने चालली होती. सगळी भानगड इथूनच सुरू झाली.

"अहो... टेप!" अर्धवट भिंतीवरून तो ओरडला.

तिने वर पाहिलं. कानावर पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा — आणि पापण्यांवरसुद्धा!

"मला शिंपीण म्हणतात," ती म्हणाली. "टेप ह्याला म्हणतात."

"मग दोघंही या ना," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच धीटपणाने कानांपर्यंत लाल झाला.

घर होतं पोस्टमनकाकांचं. जुनं आगीत गेलं, तेव्हा गल्लीने ठरवलं, सुट्टीच्या दिवशी ज्याला जे जमेल त्याने ते करायचं. छप्पर पेलणाऱ्या लाकडी तिकोनी कैच्या सुतार करणार होता. तिने माप घेऊन सांगितलं, त्याने फळीवर लिहिलं. टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं, ही गोष्ट काही तिच्या डोक्यातून जाईना.

मग दर सुट्टीला तिला निमित्त सापडू लागलं. कधी पाण्याची घागर, कधी त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण.

"श्वास घ्या की! सुई टोचणार नाही."

"टोचली तरी... चालेल."

बस्स. गाडी त्यापुढे हलतच नव्हती! आणि कैच्या चढवायचा दिवस उजाडला. उद्या सकाळच्या बसने तो लांबच्या गावी कामाला निघणार होता, वर्षभरासाठी. आज बोलला नाही, तर बोलणार कधी? तिने स्वतः विचारावं, तर गिऱ्हाइकांसमोर कात्रीसारखी चालणारी तिची जीभ त्याच्यापुढे टाळ्याला चिकटायची.

"हां... ओढा!" काका ओरडले. काका, बेकरीवाला आणि निम्मी गल्ली दोराला लोंबकळली. पहिली कैची डुलत डुलत वर गेली. एका भिंतीवर तो, समोरच्या भिंतीशी शिडीवर ती. कैची खाली आली आणि... बसेना. दोन्हीकडच्या खाचा भिंतीच्या चार बोटं बाहेर!

तिच्या लगेच लक्षात आलं. कापड बेतताना शिवणीत जादा कापडाची माया सोडायची तिची सवय. घराची रुंदीसुद्धा तिने दोन्हीकडे चार-चार बोटं वाढवूनच सांगितली होती.

"घर वाढत्या अंगाचं शिवलंय वाटतं!" बेकरीवाला म्हणाला, आणि सगळे असे हसले की दोरच हलला.

"हसू नका रे, कैची डोक्यात पडेल!" काका किंचाळले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांचं छप्पर अडलं, त्याची मेहनत वाया गेली, आणि जाताना तिची हीच आठवण घेऊन तो जाणार!

"माझं चुकलं," ती कशीबशी म्हणाली. "पण तुम्ही... कापायच्या आधी भिंत मोजली नाहीत?"

तो हातातल्या पटाशीकडे बघत राहिला. "मोजली होती. नव्या टेपने."

"मग कळलं नाही?"

"कळलं."

"आणि तरी लांबच कापल्या?"

"खाचा नव्याने पाडायला दोन दिवस लागतील. उद्याची बस चुकेल. तुम्ही टेप धरायला याल... दोन दिवसांत माझं तोंड उघडेल, म्हटलं. सकाळीच सांगणार होतो, पण काकांनी दोर बांधलासुद्धा."

दोरावरच्या सगळ्या माना वर झाल्या.

"म्हणजे आमचे तळहात सोलले, ते ह्याच्या प्रेमापायी?" बेकरीवाला गरजला.

"अरे, मग उघड की तोंड आता!" खालून पोस्टमनकाकू ओरडल्या. "लपवायला राहिलंय काय?"

त्याने भिंत घट्ट धरली. "मी परत आल्यावर... माझ्याशी लग्न कराल?"

तिला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. पण शिडीवर होती, आणि इतके दिवस रखडवल्याचं थोडं उट्टंही काढायचं होतं. "विचार करून सांगते हं," ती म्हणाली.

"नाही!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली.

"पोरी, विचार नंतर कर," काका कळवळले. "आधी हो म्हण, दोर निसटतोय!"

"हो!" ती म्हणाली. "हो, हो, हो!"

कैची अलगद खाली उतरली. काकांनी आधी सुताराचा कान पिळला, मग त्याला मिठी मारली.

दोन दिवसांचं काम चार दिवस चाललं, कारण टेप धरणारी आणि माप घेणारा दोघंही आकडे विसरत होते. खाचा नव्या पडल्या, पण बाहेर आलेली लाकडं काकांनी कापू दिली नाहीत. पाऊस भिंतीपासून तेवढाच लांब पडेल, म्हणाले.

बसथांब्यावर तिने त्याच्या हातात नवा सदरा ठेवला. त्याने तिथेच अंगात चढवला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"हा पण वाढत्या अंगाचा?" त्याने विचारलं.

"माप अगदी बरोबर घेतलं होतं मी."

"मग?"

"बाह्या आखूड करायला परत यावं लागेल ना," ती म्हणाली, आणि इतका वेळ अडवलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून वाहिलंच. "दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे गेलात तर बघा!"

त्याने दोन्ही बाह्या नीट दुमडल्या आणि बसमध्ये चढला.