एकटी सोडलेली सोंगटी

दक्षिणेचा वारा सुटला, खिओसहून पिरेयसला जाणारी बोट अडली, म्हणून झानिस धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरला. नेहमीचे म्हातारे मयतीला गेलेले. गल्ल्यावर मालकाची मुलगी मार्केला तेवढी होती.

"पट येतो का गं खेळायला?"

"येतो की. हरल्यावर रडायचं मात्र नाही!"

तो हरला. दुसऱ्या दिवशी वारा पडला, बोट गेली... झानिस गेलाच नाही. जहाजावरून मिळालेली तीन महिन्यांची रजा त्यानं याच टेबलाशी घालवली. डाव एकच, प्लाकोतो. यात एकटी सोंगटी मारत नाहीत, तिच्यावर आपली ठेवतात. वरची उठेपर्यंत खालची जागची हलत नाही. आणि पहिल्या घरात मागे राहिलेली शेवटची सोंगटी म्हणजे 'आई'. ती अडकली की खेळ खलास, हार दुप्पट.

तीन महिन्यांत झानिसनं साऱ्या जगातली बंदरं सांगून संपवली, पण मनातलं एक अक्षरही काढलं नाही. मार्केलाचा जीव त्याच्यात केव्हाच गुंतला होता. आज तो नऊ महिन्यांसाठी निघाला होता.

"तीनची बोट आहे," तो म्हणाला.

"माहितेय. फासे टाक."

त्यानं टाकले. दुसऱ्या चाली होत्या, तरी पहिल्या घरातल्या शेवटच्या दोन सोंगट्यांपैकी एक उचलून त्यानं पुढं नेली. आई एकटी, उघड्यावर! गल्ल्यामागं मार्केलाचे बाबा खाकरले. इथलं शेंबडं पोरही असं करत नाही.

मार्केलानं फासे टाकले. पाच-दोन. त्या सोंगटीवर बसायला तिला पाचच हवे होते. सोंगटी उचलली आणि हात थांबला.

"मुद्दाम सोडलीस?"

"...हो."

"का?"

"तू मला धरून ठेवावंस म्हणून."

"तोंड नाही का तुला? सोंगटीला पुढं करतोस! माझं प्रेम आहे तुझ्यावर. बघ, बोलता येतं."

झानिसचे कान लाल झाले. "माझ्या आईचा जन्म धक्क्यावर वाट बघण्यात गेला, मार्केला. तेच तुझ्याकडे कसं मागू?"

"मागून तर बघ."

त्यानं फासे उचलून बाजूला ठेवले.

"त्या वाऱ्याच्या दिवसापासून तूच आहेस मनात," तो शेवटी म्हणाला. "थांबशील... माझ्यासाठी?"

तिनं आपली सोंगटी त्याच्या 'आई'वर ठेवली.

"हरलास. दुप्पट."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात भोंगा झाला. बोट वळेपर्यंत धक्क्यावरून तिला तो कठड्याशी उभा दिसत होता.

मार्केला दुकानात परत आली तेव्हा बाबा पट मिटायला निघाले होते.

"राहू द्या, बाबा."

"पोरी, गिऱ्हाइकाला टेबल लागतं."

"दुसरं द्या. वरची सोंगटी माझी आहे. तो आला की मीच उचलेन."

एकही सोंगटी हलू न देता बाबांनी ते टेबल जपून खिडकीशी सरकवलं.