पिवळ्या पट्ट्यांचं सोंग

काळे-पिवळे पट्टे दिसले की भोंगा वाजवायचा, हे चंद्रावरच्या सोमपूर वसाहतीतलं प्रत्येक पोर बोबड्या वयातच शिकतं. तिथे गांधीलमाशी कुणी कधी पाहिली नव्हती, पण नियम पृथ्वीवरून आला होता आणि नियम म्हणजे नियम. त्यामुळे त्या सकाळी बागेत कोथिंबिरीच्या फुलांवर पट्टेवाल्या माश्या दिसताच केतकीने भोंगा वाजवला. मग सफाईच्या यंत्रमानवाला, झाडूरावला, हुकूम सोडला, "शोषून घे सगळ्या!"

झाडूरावने सोंड फिरवून बाग साफ केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, केतकीच्या छातीवर हिरवी फीत लावली. तिला आभाळ ठेंगणं झालं.

दिवसभर प्रयोगशाळेत कोंडून घेतलेले अप्पा, म्हणजे तिचे आजोबा, संध्याकाळी बागेत आले. ते कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे) होते.

"केतू, माझ्या माश्या दिसल्या का गं? अंड्यांपासून वाढवल्या, काल बागेत सोडल्या आणि आज गायब! माझंच काहीतरी चुकलं."

केतकीने जपून विचारलं, "कसल्या माश्या, अप्पा?"

पानाआड एक उरली होती. अप्पांनी ती अलगद बरणीत घेतली आणि केतकीच्या हाती भिंग दिलं. "ओळख बघू. पंख किती?"

"दोन."

"गांधीलमाशीला चार असतात. पंखांमागे टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी दिसतात? ते संतोलक (उडताना तोल सांभाळणारे अवयव). मिशा आखूड, डोळे डोकंभर. कंबर बारीक आहे का?"

"नाही. आणि... नांगी?"

"नांगी कुठली! ही सिरफिड माशी. बिचारी डंख मारूच शकत नाही."

"मग पट्टे कशाला?"

"सोंग! पक्ष्यांनी घाबरून दूर राहावं म्हणून. याला अनुकरण म्हणतात (दुबळ्या जिवाने धोकादायक जिवासारखं दिसणं). आपल्या फुलांचं परागीभवन (एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचणं) हीच करणार. हिच्या अळ्या पिकावरचा मावा (रस शोषणारे बारीक किडे) फस्त करतात. ही नसेल, तर बाग भरघोस फळायची कशी?"

धरणीने पोटात घ्यावं असं केतकीला वाटलं, पण इथे धरणीही नव्हती, नुसता चंद्र. छातीवरची फीत तिने मुठीत झाकली.

"अप्पा, तुमचं नाही चुकलं. भोंगा मी वाजवला. झाडूरावला मीच सांगितलं."

अप्पांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"पिशवी!" अप्पा एकदम म्हणाले. "झाडूरावने पिशवी रिकामी केली का?"

केली नव्हती. दोघांनी ती घाईने कापडावर उपडी केली. बऱ्याच माश्या धुळीत निपचित पडल्या होत्या. त्या बघताना केतकीचे डोळे वाहू लागले. पण काहींचे पाय हलत होते. ती साखरेचं पाणी घेऊन आली आणि कापसाच्या टोकाने एकेकीला पाजू लागली.

बऱ्याच वेळाने एक माशी उडाली. हवेत एकाच जागी तरंगत राहिली आणि मग थेट केतकीच्या घामेजलेल्या मुठीवर येऊन बसली. सवयीने केतकीचा हात मागे जाणार होता.

"हलू नकोस," अप्पा कुजबुजले. "घामातलं मीठ चाटतेय ती. जगल्या-वाचल्यात त्या अंडी घालतील. वेळ लागेल, पण बाग फळेल."

केतकीने हात तसाच धरून ठेवला.

"उद्या भोंग्यावरून मीच सांगते सगळ्यांना," ती हळूच म्हणाली, माशी दचकू नये म्हणून.