विचलनांक शून्य

‘हिमवेध’ यानाच्या प्रयोगकक्षात डॉ. वसुधा टिपणीस पडद्यावरचे षटकोन पाहत होत्या. यान शनीच्या एका बर्फाळ चंद्राभोवती फिरत होतं. खाली उतरलेल्या वेधनयंत्राने एका भेगेतून कॅमेरा सोडून बर्फाच्या कवचाची आतली बाजू टिपली होती. तिथे, बर्फाखालच्या समुद्राच्या छताला, सहा बाजूंचे कप्पेच कप्पे होते.

ते कुणी बांधलेले निघाले तर कवचाला छिद्र पाडायचं नाही, असा मोहिमेचा नियम होता. निर्णय यानावरचं नियंत्रणयंत्र ‘टिपणीस कसोटी’ लावून घ्यायचं. माणसाच्या मर्जीने तो फिरवता येऊ नये, हा बाईंचाच हट्ट. कसोटीला आपलं नाव आहे याचं त्यांना फार कौतुक होतं.

कसोटी साधी होती. निसर्गात परिपूर्ण आकार नसतो. ग्रह ध्रुवांशी चपटे असतात, स्फटिकात कुठेतरी खोट असते. वस्तू आदर्श आकारापासून किती ढळली ते विचलनांक सांगतो. तो शून्यावर आला, की ती कुणीतरी घडवलेली. या कप्प्यांचा विचलनांक बराच मोठा होता.

‘‘म्हणजे हे नुसते स्फटिक,’’ बाई म्हणाल्या.

सांगलीच्या जीवशास्त्रज्ञ नसीमा मुजावरला राहवलं नाही. ‘‘मॅडम, माझी आई हाताने भाकरी थापते. तुमच्या कसोटीत तीसुद्धा नैसर्गिक ठरेल.’’

सगळे हसले. मग बाईंनी, लागेल अशा बेताने, विचारलं की सांगलीची भाकरी नमुना म्हणून यानावर आणली आहे का. पुन्हा हशा झाला. यंत्राकडून खाली छिद्र पाडायची परवानगी गेली.

छिद्र पडलं. त्याचा विचलनांक शून्य. त्या चंद्रावरचं पहिलं परिपूर्ण वर्तुळ म्हणून बाईंनी त्याचं छायाचित्र हौसेने पृथ्वीवर धाडलं.

पुढच्या पाहणीत मात्र विचलनांक वाढलेला दिसला. पाणी गोठत असेल, असं बाईंनी सांगून टाकलं.

‘‘गोठलं असतं तर सगळीकडून सारखं आत आलं असतं,’’ नसीमा हळू आवाजात म्हणाली. ‘‘हे एकेक कप्पा करत येतंय. ते बुजवतायत, मॅडम.’’

बाईंनी चित्र मोठं केलं. काठावर घाईघाईने रचलेले वाकडेतिकडे षटकोन होते. चिरडलेले कप्पे कुणीतरी एका बाजूला सारून ठेवले होते.

त्यांची कानशिलं तापली. सारी कसोटी त्यांनी कारखान्यातल्या वस्तूंवर बेतली होती. जिवंत हात तिच्यात बसतच नव्हता. हे या मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि आपण तिची टर उडवली. बाईंना इतकी लाज वाटली, की तिच्याकडे पाहवेना.

तेवढ्यात नियंत्रणयंत्राचा निष्कर्ष पडद्यावर आला. छिद्राचा आकार आता नैसर्गिक होता. नैसर्गिक अडथळा दूर करण्यासाठी वेधन पुन्हा सुरू होणार होतं.

‘‘थांबव,’’ बाई यंत्राला म्हणाल्या. ‘‘तिथे कुणीतरी राहतं.’’

‘‘टिपणीस कसोटीनुसार तिथे कुणीही नाही,’’ यंत्राने नम्रपणे उत्तर दिलं, आणि खाली पातं फिरू लागलं.